हिरवळ कापणाऱ्या यंत्राची निगा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ओहायो, इंडियाना, केंटकी ह्या भागांतून उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवास करणाऱ्या मनुष्याच्या नजरेंत एक गोष्ट प्रथम भरते. शहर मागें पडलें, घरें विरळ झालीं, तरी घरांपुढें आणि घरांमागें एकेक, दोनदोन, क्वचित् चार-पांच एकरांची हिरवळ पसरलेली असते, आणि ती नुकतीच न्हाव्याच्या हाताखालून निघाल्यासारखी सारखी कातरलेली असते. तिच्यांत गुरें चरत नाहींत, धान्य पिकत नाहीं, फारशीं मुलेंहि खेळतांना दिसत नाहींत. ज्यांचा हिरवळीशीं संबंध गॅलरींतल्या चार कुंड्यांपुरता, त्यांना ह्या खटाटोपाचें नवल वाटावें हें साहजिक आहे. एवढ्या जमिनीवर नुसतें गवत वाढवावयाचें आणि वाढलें म्हणून तें कापीत बसावयाचें, हा व्यवहार आपल्याकडील कोणत्याहि शेतकऱ्याला पटावयाचा नाहीं. परंतु व्यवहार पटो वा न पटो, त्यासाठीं जें यंत्र तेथें वापरतात तें आणि तें जुळविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. नोकरीधंद्यानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकीं जीं गांवाबाहेर घर घेतात, त्यांना तर हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाहीं. पहिल्याच मे महिन्यांत तो त्यांच्या दारांत उभा राहतो.

गवत यंत्रानें कातरण्याची कल्पना मूळ इंग्लंडांतली. ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणून निघालेल्या कापडावर जी लव उभी राहते ती कातरण्यासाठीं त्या गिरण्यांत पिळदार पात्यांचा एक रूळ फिरवीत असत. एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें हाच रूळ चाकांवर बसवून गवतावर चालविला आणि १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. लंडनच्या रीजंट पार्कांतील प्राणिसंग्रहालय हें त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं एक. हें यंत्र स्वतः ढकलण्यांत खेड्यांतील सभ्य गृहस्थांना करमणूक, उपयोग आणि आरोग्यदायक व्यायाम असा तिहेरी लाभ होईल, अशी ग्वाहीहि बडिंगनें पेटंटाच्या कागदांत देऊन ठेवली होती. तें ओतीव लोखंडाचें धूड ज्यांनीं प्रत्यक्ष ढकललें, त्यांनीं ह्यांतला करमणुकीचा भाग बहुधा वगळला असावा.

बडिंगचें यंत्र कात्रीच्या जातीचें होतें. फिरतें पातें आणि स्थिर पातें ह्यांच्या चिमटींत गवत सांपडून कापलें जाई. आज ट्रॅक्टरच्या मागें जोडतात तें यंत्र कात्रीच्या नव्हे, कोयत्याच्या जातीचें आहे. त्याला तिकडे फिनिश मोअर म्हणतात, म्हणजे अखेरचा हात फिरविणारें कापणीयंत्र. उपड्या परातीसारखें एक रुंद, उथळ पोलादी कवच असतें. त्याच्या खालीं तीन आडवीं पातीं तीन उभ्या आंसांवर गरगर फिरतात. पुढें दोन आणि मागें दोन अशा चार लहान चाकांवर हें कवच जमिनीवरून चालतें. ट्रॅक्टरच्या पाठीमागून निघणारा एक दांडा, ज्याला आपल्याकडील शेतकरीहि पी.टी.ओ. म्हणूनच ओळखतो, मिनिटाला ५४० फेरे घेतो. मधल्या गिअरबॉक्समधून आणि एका लांब रबरी पट्ट्यावरून तो वेग वाढत वाढत पात्यांपर्यंत पोंचतो. यंत्र ट्रॅक्टरला जोडण्याची तीन सांध्यांची युक्ति उत्तर आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन ह्याची. १९३९ सालीं हेन्री फोर्डच्या कारखान्यानें ती आपल्या ट्रॅक्टरवर घेतली, आणि आज जगांतील बहुतेक ट्रॅक्टर ह्याच तीन सांध्यांनीं नांगरापासून मोअरपर्यंत सर्व अवजारें ओढतात.

आतां असा एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा कीं ज्याच्याजवळ दोन एकर हिरवळ आहे, पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आहे, आणि मागच्या मालकानें पडवींत सोडून दिलेलें पांच फुटी मोअर आहे. तो रविवारीं सकाळीं तें जोडतो, दोन तास मोठ्या उत्साहानें फिरवितो आणि खालीं उतरून पाहतो, तों हिरवळीला जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या. एका बाजूला गवत तीन इंच, दुसऱ्या बाजूला दोन. उंचवटा असेल तेथें माती उघडी पडलेली. मधून मधून न कापलेल्या गवताच्या शेंड्या उभ्या. मंगळवारपर्यंत सारी हिरवळ वरून तपकिरी दिसूं लागते. यंत्र जुनें झालें, असा निष्कर्ष काढून तो नवें घेण्याच्या विचाराला लागतो. ह्या सगळ्या तक्रारींपैकीं एकीचाहि यंत्राच्या वयाशीं संबंध नसण्याचा संभव फार मोठा आहे. त्यानें यंत्र जोडलें, परंतु जुळविलें नाहीं, एवढेंच घडलें आहे.

जुळविण्याची सुरुवात ट्रॅक्टरच्या चाकांपासून होते, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मागच्या एका टायरमध्यें हवा कमी असली कीं ट्रॅक्टर त्या अंगाला कलतो आणि मागचें यंत्रहि कललेलें धांवतें. म्हणून प्रथम हवा मापावी. मग ट्रॅक्टर आणि मोअर सपाट फरशीवर उभें करावें. एंजिन बंद, पी.टी.ओ. सुटलेला, किल्ली खिशांत. ही शेवटची अट कितीहि क्षुल्लक वाटली तरी तिच्यावांचून पुढच्या कामाला हात घालूं नये, कारण ह्यापुढें हात पात्यांपाशीं जावयाचा आहे. यंत्र चाकांवर टेंकलेलें असूं द्यावें आणि हातांत जाड मोजे असावेत.

पहिलें माप आडवें. डाव्या आणि उजव्या टोकाचीं पातीं आडवीं फिरवून त्यांचीं बाहेरचीं टोकें फरशीपासून किती उंच आहेत तें पाहावें. दोन्हींत अष्टमांश इंचापेक्षां अधिक फरक राहूं नये. फरक असल्यास तो ट्रॅक्टरच्या खालच्या दोन बाहूंपैकीं ज्याला फिरविण्याचा स्क्रू असतो त्यानें, किंवा चाकांच्या दांड्यांवरील कड्या कमीअधिक करून काढावा. कवचावर पाणसळ ठेवून काम भागेल असें वाटतें, पण भागत नाहीं. पत्रा वाकलेला असूं शकतो, आणि गवत कापावयाचें तें पात्यानें, पत्र्यानें नव्हे.

दुसरें माप उभें, आणि खरी मेख येथें आहे. तींच पातीं पुढून मागें अशीं वळवावीं. येथें दोन्ही टोकें सारख्या उंचीवर असावीं, अशी सामान्य मनुष्याची अपेक्षा असते. परंतु तीं सारखीं असूं नयेत. पुढचें टोंक मागच्यापेक्षां सुमारें पाव इंच खालीं हवें. कारण असें कीं गवत पुढच्या बाजूला कापलें जातें, आणि तेंच पातें अर्धा फेरा घेऊन मागच्या बाजूनें त्याच जागेवरून पुनः जातें. मागचें टोंक पाव इंच उंच असेल तर तें मोकळ्या हवेंतून जातें. तें खालीं असेल तर एकदां कापलेलें गवत दुसऱ्यांदा खरवडलें जातें, पात्यांवरील भार वाढतो, एंजिन धापा टाकूं लागतें आणि गवताचीं टोकें चिंधडतात. आपल्या गृहस्थाची हिरवळ तपकिरी होण्याचें एक कारण हेंच असण्याचा संभव आहे. कांहीं कारखाने हा उतार चाकांच्या घडणींतच ठेवतात; त्यांच्या पुस्तिकेंत तसें छापलेलें असतें, आणि ती पुस्तिका वाचण्याचे कष्ट घेणारा मालक हा सर्वत्र दुर्मिळच.

उंचवट्यावरील माती उघडी कां पडली, ह्याचें उत्तर तीन सांध्यांत सांपडतें. नांगर ट्रॅक्टरनें उचलून धरावयाचा असतो. मोअर तसें धरावयाचें नसतें. त्यानें आपल्या चार चाकांवर, जमिनीच्या चढउताराप्रमाणें, स्वतःच्या मर्जीनें चालावें लागतें. त्याचा भार ट्रॅक्टरच्या बाहूंवर लटकत राहिला तर ट्रॅक्टरची पुढचीं चाकें खळग्यांत गेलीं कीं मागचें यंत्र वर उचललें जातें, आणि पुढचीं चाकें चढावर आलीं कीं मागचें यंत्र जमिनींत घुसतें. म्हणून बाहू पुरते खालीं सोडावे. वरचा तिसरा सांधा, ज्याला टॉप लिंक म्हणतात, त्याच्या मोअरकडील टोंकाला लांबट खांच किंवा सांखळी असते; तिच्यांत कांहीं ढील ठेवावी, म्हणजे मागचीं चाकें उंचवट्यावर चढलीं तरी दांडा त्यांना अडवीत नाहीं. सपाट जागीं उभें असतां खिळा खांचेच्या मध्यावर यावा, ही साधी खूण. डावीउजवीकडील सांखळ्या मात्र ताणलेल्या असाव्या, नाहींतर उतारावर यंत्र शेपटीसारखें हेलकावे खातें.

आतां पात्यांकडे वळावें. पांच फुटी मोअरचें एक पातें सुमारें २१ इंच लांब असतें. तीन पात्यांचे ६३ इंच होतात आणि रुंदी भरते ६० इंच. उरलेले तीन इंच दोन जागीं एकमेकांवर चढविण्यांत खर्च होतात, म्हणजे मध्यें गवताची रेघ शिल्लक राहत नाहीं. मधला आंस ह्यासाठींच थोडा पुढें बसविलेला असतो. आखूड वळण घेतांना ही चढ कांहीं अंशीं नाहींशी होते, आणि पात्यांचीं टोकें झिजून गोल झालीं असतील तर सरळ जातांनाहि नाहींशी होते. गृहस्थाच्या उभ्या राहिलेल्या शेंड्यांचा उगम बहुधा हा.

२१ इंचांना २२ नें गुणून ७ नें भागलें कीं परीघ ६६ इंच, म्हणजे साडेपांच फूट होतो. पातें मिनिटाला सुमारें ३००० फेरे घेतें. तेव्हां त्याचें टोंक मिनिटाला १६,५०० फूट, म्हणजे तासाला सुमारें १८७ मैल, किलोमीटरांत ३००, ह्या वेगानें धांवत असतें. खालीं आधाराला दुसरें पातें नसतां लवलवतें गवत उभ्या उभ्या तुटतें तें ह्या वेगामुळें. ट्रॅक्टर तासाला चार मैलांनीं चालला तर पात्याच्या दोन धारांपैकीं प्रत्येकीच्या वाट्याला सुमारें पाऊण इंचापेक्षांहि कमी पट्टी येते. घाईनें ट्रॅक्टर आठ मैलांवर नेला कीं ती जवळजवळ दीड इंच होते, आणि पातें कापण्याऐवजीं गवत आडवें पाडून पुढें जातें. गवत दाट लागलें तर एंजिनाचा वेग कमी करण्याची स्वाभाविक प्रवृत्ति होते. ती नेमकी उलट आहे. एंजिन पी.टी.ओ.च्या ठराविक वेगावरच ठेवावें आणि खालचा गिअर घेऊन चाल मंद करावी.

बोथट पातें गवत कापीत नाहीं, फाडतें. दोनतीन दिवसांत फाटलेलें टोंक वाळून तपकिरी होतें. मालकाची समजूत होते कीं पाणी कमी पडलें, म्हणून तो पाणी सोडतो. पण रोग पाण्याचा नसतो. एक पातें गवताचें उपटून त्याचें टोंक नुसतें पाहिलें तरी निदान होतें: सरळ रेघ असेल तर धार चांगली, दोरे निघालेले असतील तर पातें उतरविण्याची वेळ झाली. मोअरखालीं जावयाचें असेल तेव्हां तें हायड्रॉलिकनें उचलून ठेवणें म्हणजे तराजूच्या दोरीला मान देऊन बसणें होय. जाड लांकडी ठोकळ्यांवर टेंकवूनच खालीं हात घालावा. धार मूळच्या तिरक्या कोनांतच, कानशीनें किंवा सहाणयंत्रावर, पोलाद निळें पडूं न देतां लावावी. वस्तऱ्यासारखी पातळ धार मात्र नको. ती पहिल्याच खड्याला दुमडते.

धार लावल्यावर तोल. भिंतींत ठोकलेल्या खिळ्यावर पात्याचें मधलें भोंक अडकवून तें आडवें सोडावें. जें टोंक खालीं झुकतें तें जड. त्याच्या न कापणाऱ्या भागाकडून थोडें पोलाद घासून काढावें. हा खटाटोप कशासाठीं, असें वाटेल. आंसापासून दहा इंचांवर एक तोळा वजन अधिक राहिलें तर ३००० फेऱ्यांच्या वेगांत तें आंसाला जवळजवळ ३० किलोंच्या जोरानें बाजूला खेंचतें, आणि ही खेंच सेकंदाला ५० वेळां सर्व दिशांना फिरते. बेअरिंगें अकालीं जातात तीं ह्यामुळें. वाकलेलें किंवा तडा गेलेलें पातें ठोकून सरळ करूं नये, त्याला जोड देऊं नये; तें टाकून द्यावें. पात्याच्या मागच्या अंगाला जो वर वळलेला पंखा असतो तो गवत हवेनें उभें करतो. तो झिजून कागदासारखा झाला तरीहि पातें संपलें असेंच समजावें. परत बसवितांना तो पंखा कवचाकडे, म्हणजे वर, यावा. उलटें बसविलेलें पातें पाहून मोअर बिघडलें म्हणणारे लोक कमी नाहींत. कांहीं यंत्रांत बोल्टाचें मळसूत्र उलटें असतें. जोर लावण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें.

पट्ट्याविषयीं फार सांगावयाचें नाहीं. झांकण काढून आंत सांठलेलें वाळकें गवत दर खेपेस झाडून टाकावें. तें पट्ट्याच्या घर्षणानें तापतें, आणि पेट घेण्यास त्याला दुसरें निमित्त लागत नाहीं. जळक्या रबराचा वास आला तर ताण देणाऱ्या कप्पीची स्प्रिंग पाहावी. पी.टी.ओ. लावतांना एंजिन मंद असावें आणि मग वेग चढवावा. गिअरबॉक्सचें तेल नव्या यंत्रांत पहिल्या ५० तासांनीं बदलावें, असें कारखान्यांच्या पुस्तिकांत बहुधा असतें. बेअरिंगांना ग्रीस वेळच्यावेळीं द्यावें, परंतु ठासून भरूं नये; अतिरेकानें सील फुटतें आणि मग ग्रीस बाहेर व धूळ आंत, असा उलटा व्यापार सुरू होतो.

ट्रॅक्टर आणि मोअर ह्यांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्याविषयीं मात्र थांबून बोललें पाहिजे, आणि हें केवळ अमेरिकेपुरतें नाहीं. उसाच्या शेतांतील रोटाव्हेटर, नाशिककडील द्राक्षबागांतील फवारणीयंत्र, मळणीयंत्र, हीं सर्व त्याच दांड्यावर चालतात. एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि दोन्ही टोंकांना हूकचे सांधे, अशी त्याची रचना. नळ्या एकींत दुसरी पुरेशी, निदान लांबीच्या तृतीयांशाइतकी, शिरलेली असावी. पण यंत्र वर उचललें असतां त्या तळाशीं आपटूं नयेत, नाहींतर गिअरबॉक्सचा चुराडा होतो. ह्या दांड्यावर प्लॅस्टिकचें एक सैल आवरण असतें. तें फुटलें कीं काढून फेंकण्याकडे सर्व देशांतील लोकांचा सारखाच कल असतो. दांडा सेकंदाला नऊ फेरे घेतो. तीन इंच जाडीच्या उघड्या दांड्याला धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा सदऱ्याची बाही लागली, तर एका सेकंदांत सात फूट कापड त्याच्याभोंवतीं गुंडाळलें जातें. हात मागें घेण्याचा विचार मनांत येण्यास लागणारा वेळहि ह्यापेक्षां फार कमी नाहीं. चालत्या दांड्यावरून पाय टाकून पलीकडे जाणारा मनुष्य आपला संपूर्ण देह एका फाटक्या आवरणाच्या भरंवशावर सोंपवीत असतो. नवें आवरण थोडक्या पैशांत मिळतें, आणि तें बसविण्यास एक दुपार पुरते.

दुसरा धोका उताराचा. लहान ट्रॅक्टर अरुंद असतात आणि तीव्र उतारावर आडवे चालविले कीं उलटतात. स्वीडनमध्यें १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या संरक्षणाची पोलादी चौकट सक्तीची झाली आणि त्यानंतर उलटून होणारे मृत्यू तेथें फार घटले. फांद्या अडतात म्हणून ती चौकट आडवी पाडून ठेवणारे आणि बैठकीचा पट्टा न बांधणारे लोक अजूनहि आढळतात. घरांतील मुलाला मांडीवर घेऊन हिरवळ कापण्याची हौस तर कोणीहि करूं नये. कवचाखालून सुटलेला खडा कोठें जाईल ह्याचा नेम नसतो. मुलें आणि कुत्रीं त्या वेळीं घरांत असावीं.

सर्व जुळलें, तरी गवताचा स्वभाव पाहून कापावें लागतें. केंटकी ब्लूग्रास अडीच ते साडेतीन इंचांवर सुखी असतो; फेस्क्यू त्याहून थोडा उंच. दक्षिणेकडे, जॉर्जिया-टेक्सासकडे, बर्म्युडा ग्रास नांवाचें जें गवत दोन इंचांखालीं कापून मिरवितात, तें म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहावयाची दूर्वा. विदर्भांतला शेतकरी जी कुंद्यासारखी खणून काढतो, तिचें बीं तिकडचा गृहस्थ पैसे देऊन विकत आणतो! कोणतेंहि गवत असलें तरी एका खेपेस त्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच घ्यावा. तीन इंच ठेवावयाचें असेल तर साडेचार झाल्यावर कापावें. दहा इंच वाढूं देऊन एकदम तीनवर आणलें तर मुळांना पोसणारें पानच नाहींसें होतें आणि उन्हाळ्यांत जमीन उघडी पडते. ओलें गवत कापूं नये. दर खेपेस चालण्याची दिशा बदलावी, नाहींतर चाकांच्या चाकोऱ्या पडतात. कापलेलें गवत बारीक असेल तर तेथेंच राहूं द्यावें. त्यांतला नायट्रोजन जमिनीला परत मिळतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरांत वाढ थांबली कीं कवचाच्या खालचा चिकटलेला थर लांकडी पट्टीनें खरवडून काढावा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा त्याच्याखालीं गुपचूप गंजतो. पट्ट्याचा ताण सैल करावा, दांडा सोडवून नळ्या पुसून ग्रीस लावून ठेवाव्या, पातीं काढून धार लावून तेलाचा हात देऊन खुंटीला टांगावीं. एप्रिलमध्यें तीं परत बसविलीं कीं गवताला हात लावण्यापूर्वीं ट्रॅक्टर पुनः त्याच फरशीवर उभा करावा, टायरमधील हवा पाहावी आणि मापपट्टी घेऊन पुढच्या टोंकाचा तो पाव इंच आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें.